शेवटची तीन रिळं

२ सप्टेंबर

बारक्या,

माझं अक्षर ओळखून तू पाकीट न फोडताच बाजूला टाकशील, म्हणून वरचा पत्ता शेजारच्या मुलीकडून लिहून घेतला. फसवलं तर फसवलं. आता फोडलंच आहेस तर निम्मं तरी वाच.

पत्ता तुझ्या जुन्या खोलीतल्या जोडीदाराने दिला. म्हणाला, रस्त्याच्या मोजणीवर आहे, डोंगरात तंबूत राहतो, मंगळवारी गाडी वर जाते तेव्हाच टपाल मिळतं. फोन नंबर मागितला तर म्हणाला, "तो आणि फोन?" आणि हसला. मीही हसले. हसायला नको होतं.

तसं विशेष काही नाही. मी अजून बस स्टँडवरच आहे, काचेच्या खोलीत बसून "गाडी फलाट क्रमांक तीनवर लागत आहे" म्हणते. लोक तरीही पाचवर जाऊन उभे राहतात आणि मग माझ्या खिडकीशी येऊन भांडतात.

परवा दुपारी टीव्हीवर तो सिनेमा लागला होता. कुठला ते तुला सांगायला नको. तेच अचाट कुटुंब. बापाच्या हाताने लोखंड वितळतं, आईला उद्याचं हवामान आज कळतं, मुलगी भिंतीवरून चालते आणि धाकट्याला काही म्हणजे काही येत नाही. तीस वर्षांनी बघितला. अरे, काय टुकार सिनेमा होता तो! बापाच्या पाठीवर जी झूल आहे ना, तो चक्क न्हाणीघराचा पडदा आहे. कड्या अडकवायची भोकंसुद्धा दिसतात. तो दुष्ट टकलू जगातली सगळी घड्याळं बंद पाडतो आणि मग स्वतःच्या मनगटावर बघून म्हणतो, "आता फक्त दहा मिनिटं!" आणि ती आई पाऊस येणार हे कळलं की छत्री घेऊन निघते, एवढीच तिची दिव्य शक्ती. आपली आई थिएटरात काय म्हणाली होती, आठवतं? "हे तर मला गुडघ्यावरून कळतं."

आप्पाही बघत होते. पहिला अर्धा भाग स्वतःच्या आवाजाबरोबर ओठ हलवत बसले होते. मध्ये जाहिराती लागल्या तेव्हा मी चॅनल बदललं.

तब्येतीला जप. वर थंडी असेल.

ताई

ता.क. आप्पांचा घसा दोन महिन्यांपासून बसला होता. गाठ निघाली. २० ऑक्टोबरला ऑपरेशन आहे, स्वरयंत्र काढणार. म्हणजे त्यानंतर त्यांना बोलता येणार नाही. जमलं तर त्याच्या आधी ये. तेवढंच सांगायचं होतं.


११ सप्टेंबर

बारक्या,

तुझं उत्तर यायला अजून वेळ आहे हे मला कळतं, पण हात स्वस्थ बसत नाही. बोलायला घरात आहे कोण? आप्पांना डॉक्टरांनी कमी बोलायला सांगितलंय, आणि सांगितलं की ते नेमकं उलटं करतात. सकाळी दूधवाल्याशी पंधरा मिनिटं हवापाण्याच्या गप्पा. आवाज असा येतो की दूधवाला दोन पावलं मागे सरकून ऐकतो.

तो सिनेमा डोक्यातून जात नाही. आई गेली तेव्हा तू एक दिवस आलास, जिन्यात उभा राहिलास आणि आप्पांशी एक शब्द न बोलता परत गेलास. त्या सगळ्याचं मूळ त्या भिकार सिनेमात आहे, हे बाहेरच्या माणसाला सांगितलं तर तो मला वेड्यात काढेल.

आप्पांनी आयुष्यभर परदेशी सिनेमांना आपल्या भाषेत आवाज दिला, पण कुणाचा? दार उघडणाऱ्या नोकराचा, पहिल्याच गोळीत मरणाऱ्या पहारेकऱ्याचा. नायक एकदाच मिळाला, तोही न्हाणीघराचा पडदा पांघरलेला. पण काय जीव लावला होता त्याला! महिनाभर स्वयंपाकघरात तालीम. तो शेवटचा प्रसंग, ज्यात बाप त्या काही न येणाऱ्या पोराच्या खांद्यावर हात ठेवतो, त्यासाठी तुला स्टुलावर उभं करायचे. पडद्यावरच्या नटाचे ओठ वाक्याच्या शेवटी मिटत होते आणि आप्पांचं वाक्य तोंड उघडं टाकून संपत होतं. चार दिवस जुळेना. मग तूच म्हणालास, "आप्पा, शेवटी 'बाप' म्हणा ना." ओठ मिटले. "तुझ्यात काही नसलं तरी चालेल. मी तुझाच बाप." आप्पांनी तुला उचलून घरभर फिरवलं होतं, आणि कुणालाही सांगायचे, माझ्या सिनेमातलं शेवटचं वाक्य माझ्या पोरानं लिहिलंय.

मला तेव्हा हेवा वाटला होता. हे मी कधी बोलले नाही.

आणि मग थिएटर. आप्पांनी अख्खी इमारत नेली होती. खालचा औषधवाला, वरची मास्तरीण, तिची चार पोरं, सगळे. अर्ध्यापर्यंत आप्पांचा आवाज घुमला की लोक मागे वळून त्यांच्याकडे बघायचे. आणि शेवटच्या तीन रिळांत तो बाप भलत्याच माणसाच्या आवाजात बोलायला लागला. तेही धड नाही. बोलणं दुसऱ्याचं, पण धापा टाकणं, कण्हणं, ओरडणं आप्पांचं. घसा फाटतो म्हणून ते आवाज वेगळ्या दिवशी सलग भरून घेतात, ते स्टुडिओवाल्यांनी तसेच ठेवले होते. शेवटी त्याने पोराच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो परका आवाज म्हणाला, "घाबरू नकोस, सगळं नीट होईल." वाक्यसुद्धा बदललेलं. तू खुर्चीवर उभा राहून किंचाळलास, "हे आप्पा नाहीत! आमचं वाक्य कुठंय?" सगळं थिएटर हसलं. आप्पा हसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी ते स्टुडिओत गेले तेव्हा कळलं, परदेशातून शेवटची तीन रिळं नव्याने कापून आली होती. दोन आठवड्यांपूर्वीच्या बुधवारी दुपारी त्यांनी घरी फोन केला होता, गुरुवारी दहाला या, नाहीतर दुसऱ्याला बसवू. घरातल्या कुणा लहानानं निरोप घेतला होता म्हणे.

असो. तुला तेव्हा कांजिण्या झाल्या होत्या, अंगात ताप, वय आठ. निरोप राहिला सांगायचा, राहिला. कोण विसरत नाही? मी तर तुला केव्हाच माफ केलंय. आप्पांनाही आता काही वाटत नसेल. तू ये.

ताई


२७ सप्टेंबर

बारक्या,

तुझं कार्ड काल मिळालं. तीन ओळी. "ताई, दोन्ही पत्रं मिळाली. एकदा माझ्यामुळे त्यांचा आवाज गेला. आता ऐन ऑपरेशनच्या तोंडावर समोर येऊन त्यांना त्रास देणार नाही, काही लागलं तर कळव."

मी ते कार्ड कामावर नेलं. साडेअकराच्या गाडीची घोषणा अर्ध्यातच तोडली. बदलीवर मुलगी बसवली आणि घरी आले. आता हे लिहून झाल्याशिवाय उठायचं नाही असं ठरवलंय. तीन कागद फाडून झाले.

फोन तू घेतला नव्हतास. मी घेतला होता.

वाचलंस? पुन्हा लिहिते. बुधवारी दुपारी मी शाळेतून लवकर आले होते. तू आत तापात झोपला होतास, आई औषध आणायला खाली गेली होती. फोन वाजला, मी उचलला. त्या माणसाने दोनदा बजावलं, गुरुवार, सकाळी दहा, नक्की सांग हं. मी म्हटलं, हो काका, सांगते.

आणि गुरुवारी सकाळी दहाला माझी वक्तृत्व स्पर्धा होती. विषय होता वेळेचं महत्त्व. हस, खुशाल हस. आप्पा माझ्या शाळेत कधी म्हणजे कधी आले नव्हते. दर वेळी रेकॉर्डिंग. त्या वेळी काम संपलंय म्हणून पहिल्यांदा येतो म्हणाले होते, शर्टाला इस्त्रीसुद्धा करून ठेवली होती. महिनाभर ते तुला स्टुलावर उभं करत होते, एक दिवस मला हवा होता. मला वाटलं, गरज असेल तर पुन्हा फोन करतील. बारा वर्षांची अक्कल ती. मी निरोप गिळला आणि जेवायला बसले.

आप्पा आले. तिसऱ्या रांगेत बसले. मला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. घरी येताना त्यांनी माझा हात धरला होता. तो दिवस माझ्या आयुष्यातला चांगला दिवस आहे, बारक्या, अजूनही आहे. त्याची लाज वाटते, पण खोटं लिहून आता काय मिळवू?

मग आप्पा स्टुडिओतून आले आणि दारातच त्यांनी विचारलं, "दोन आठवड्यांमागं, बुधवारी, फोन कुणी घेतला?" त्यांचा चेहरा मी बघितला. आणि मग मी म्हणाले, "मी शाळेत होते. बारक्यानं घेतला असेल." त्यांनी तुला विचारलं. तू कांजिण्यांच्या खपल्या खाजवत बराच वेळ विचार केलास आणि म्हणालास, "असेल."

नाही म्हणायचं होतंस रे! तू नाही म्हणाला असतास तर मी कबूल झाले असते. असं मी वर्षानुवर्षं स्वतःला सांगत आले. म्हणजे बघ, त्यातही दोष तुझाच काढला.

त्यावर आप्पा तुला जे बोलले ते मी इथे लिहीत नाही. तुला पाठ असेल. त्या दिवसानंतर फोन वाजला की तू मोरीत जाऊन कडी लावायचास. आई म्हणायची, पोर घुमं झालंय, वयाचं आहे, होईल नीट. त्यानंतर अकरा वर्षं तू त्या घरात राहिलास, रोज माझ्यासमोर जेवायला बसलास, आणि मी तुला वाढत राहिले. मागच्या पत्रात मी तुला माफ केलं होतं. कुठल्या तोंडाने केलं, मलाच कळत नाही. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्यातलाच प्रकार.

वर्षभर "वेळेवर न येणारा माणूस" म्हणून आप्पांना स्टुडिओत कुणी उभं केलं नाही. नंतर पुन्हा नोकर आणि पहारेकरी. ते पाप माझं आहे. तुझं त्यात काही नाही, काडीइतकंही नाही.

माझ्यावर हवा तेवढा राग धर. पण आप्पांना भेट किंवा निदान बोल. माझा मोबाइल नंबर खाली लिहिते. २० तारखेपर्यंतच बोलता येणार आहे.

ताई


३ ऑक्टोबर

बारक्या,

आप्पांना सांगितलं. तुला लिहून टाकलं आणि त्यांच्यापासून लपवायचं, हे मला झेपेना.

दुपारी ते गॅलरीत नखं कापत बसले होते. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, स्पर्धेसकट. नखं कापायचे थांबले नाहीत. दोन्ही हात झाले, मग एक पाय झाला. मग त्या फाटक्या आवाजात विचारलं, "मी त्याला तेव्हा काय बोललो होतो?"

मला वाटलं, माझी परीक्षा बघतात. पण त्यांना खरंच आठवत नव्हतं. सगळ्या जगाची वाक्यं या माणसाला पाठ, आणि हे एक विसरला होता. मी म्हटलं, "जाऊ द्या ना आप्पा." तर म्हणाले, "जसंच्या तसं सांग." मग सांगितलं. "तू माझ्या गळ्याला नख लावलंस. तुझ्यात काही नाही, आणि व्हायचंही नाही."

त्यांनी ते ओठांतल्या ओठांत एकदा म्हणून बघितलं. नवीन संवाद हातात आला की करायचे तसं. आणि मग रडले. बारक्या, आई गेली तेव्हाही ते माझ्यासमोर रडले नव्हते. मी पाणी आणायला आत गेले आणि तिथेच ओट्याला धरून उभी राहिले. मला त्यांनी एक शब्द बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं.

संध्याकाळी मी म्हटलं, मोबाइलवर तुमचा आवाज भरून घेते, त्याला पाठवू. डॉक्टरही म्हणाले होते, जे काय म्हणायचं ते आधी भरून ठेवा. तर उसळलेच. "जन्मभर बंद खोलीत काचेकडे बघून बोललो. पोराशी तसं बोलू होय? तो येईल, नाहीतर फोन करेल. मी त्याच्याशीच बोलेन." हट्ट कुठला जायला! मी दोनदा सांगून बघितलं, मग मोबाइल ठेवून दिला.

तेव्हापासून दूधवाल्याशीसुद्धा बोलत नाहीत. मी काही विचारलं तर मानेने हो-नाही. ते का, हे आज कळलं. आवाज राखून ठेवतायत.

उगीच तुझ्यावर ओझं टाकायला हे लिहीत नाही. टाकतेही आहे, खरं सांगायचं तर. ये, बारक्या. २० तारीख.

ताई


१४ ऑक्टोबर

बारक्या,

हे पत्र मंगळवारच्या गाडीची वाट बघणार नाही असं तुमच्या कचेरीतल्या कारकुनाने कबूल केलंय. उद्या कुणी वर जाणार आहे, त्याच्या हाती देतो म्हणाला. तरी ते तुझ्या हाती पडेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसणार.

आधी जे झालं ते सांगते. सात तारखेला आप्पांना श्वास घेता येईना. दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, वीसपर्यंत थांबलो तर हाती काही राहणार नाही. आठला सकाळीच ऑपरेशन झालं. स्ट्रेचरवरून नेताना त्यांनी माझं मनगट धरलं आणि विचारलं, "आला नाही ना फोन?" मी म्हटलं, नाही अजून. ते त्यांचं शेवटचं बोलणं. ऑपरेशन नीट झालं. गळ्याला भोक आहे, त्यातून श्वास घेतात. हवं ते पाटीवर लिहून दाखवतात.

काल, मंगळवारी दुपारी, मी खाली औषधं आणायला गेले होते. मोबाइल त्यांच्या पलंगावर राहिला. वर आले तर ते उशीला टेकून बसले होते, फोन दोन्ही हातांत धरलेला, आणि गळ्याच्या भोकातून श्वास इतका जोरात चालला होता की मी आधी परिचारिकेला हाक मारली. तिने तपासलं, सगळं ठीक होतं. मग त्यांनी पाटी मागितली. अक्षर लागायला वेळ लागला.

"त्याचा फोन होता."

मी म्हटलं, "काय म्हणाला?" त्यांनी पुसलं आणि पुन्हा लिहिलं. "सात वेळा आप्पा म्हणाला."

मी त्या नंबरवर लगेच फोन लावला. कारकुनाने उचलला. गाडी बिघडल्यामुळे दोन आठवड्यांचं टपाल काल एकदमच आलं, टपालासाठी तू स्वतःच खाली आला होतास, तू माझी मागची दोन्ही पत्रं कचेरीच्या दारात उभ्याउभ्याच वाचलीस आणि फोन मागितलास, असं म्हणाला. या माणसाला मी कधी फोनला हात लावताना बघितलं नव्हतं, म्हणाला. नंतर तू बाकावर बसलास आणि गाडी निघाली तेव्हा उठून वर गेलास. तिथे फोन लागत नाही.

आप्पांनी बाकीचं आज सकाळी लिहिलं. काल लिहवत नसावं. तू सात वेळा आप्पा म्हणालास, आणि मग म्हणालास, "बोलायचं नसेल तर राहू द्या. ठीक आहे." आणि ठेवलास.

बारक्या, तुला वाटलं ना, अजूनही बोलत नाहीत? वीस तारखेला आठवडा आहे, आवाज आहे, तरी माझ्याशी बोलत नाहीत, असंच वाटलं ना? वाटणारच. तारीख मीच लिहिली होती. आणि पहिल्याच पत्रात खरं लिहिलं असतं, माफीबिफीची नाटकं न करता, तर तू सप्टेंबरातच फोन केला असतास आणि ते तुझ्याशी पोटभर बोलले असते. हे माझं मला भोगायचं आहे, त्यावर तू काही लिहू नकोस.

तू फक्त एवढं कर. खाली ये आणि पुन्हा फोन लाव. इकडून कुणी बोलणार नाही. श्वासाचा आवाज येईल, घरघर येईल, आधी भीती वाटेल. ठेवू नकोस. पलीकडे आप्पा असतील, दुसरं कुणी नाही. मी फोन त्यांच्याच हातात ठेवलाय आणि खोलीच्या बाहेर बसलेय. जेवतानासुद्धा ते खाली ठेवत नाहीत.

ताई